सोडाबाईंचा अंगठा

घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक जिना वर जातो. पायऱ्या सतरा. त्यातली अकरावी बोटभर उंच आहे, त्यामुळे नवखा माणूस तिथे हमखास अडखळतो आणि वरच्या बाईंना बसल्या जागी कळतं, की कुणीतरी पहिल्यांदाच येतंय. बाई मालिश करतात. सव्वीस वर्षं करताहेत. दारावर पाटी आहे, पाटीवर त्यांचं नाव आहे, पण ते आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. त्यांना सगळे सोडाबाई म्हणतात.

आता बाईंनी आयुष्यात कधी सोड्याची बाटली फोडलेली नाही. नाव पडलं ते त्यांच्या तोंडच्या एका शब्दामुळे. टेबलावर झोपलेल्या माणसाचा हात त्या मनगटाशी धरून वर उचलतात आणि म्हणतात, "सोडा." म्हणजे हात सैल सोडा, भार माझ्यावर टाका.

माणूस म्हणतो, "सोडलाय की."

बाई हळूच आपला हात काढून घेतात. माणसाचा हात तसाच हवेत! बसमध्ये उभ्याने दांडा धरल्यासारखा.

"हा सोडलाय?"

"हो, अगदी सोडलाय."

"मग खाली का पडत नाही?"

तेव्हा कुठे तो माणूस डोळे उघडतो, आपलाच हात वर तरंगताना बघतो आणि ओशाळून हसतो. बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, कोर्टातले वकील, सगळ्यांची तीच गत. वकिलांनी तर हात हवेत असताना पाच मिनिटं युक्तिवाद केला होता, की तो सोडलेलाच आहे. दिवसातून पन्नास वेळा "सोडा, सोडा" म्हणणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

या नावाने पहिले फसले ते खालचे घड्याळवाले. त्यांनी दुकान नवंच थाटलं होतं. दुपारी छातीत जळजळ व्हायला लागली म्हणून शेजाऱ्याला विचारलं, तर शेजारी म्हणाला, वर सोडाबाई आहेत की. घड्याळवाले घरचा काचेचा ग्लास घेऊन सतरा पायऱ्या चढले, अकरावीवर ठेचकाळले आणि दारात उभं राहून म्हणाले, "एक साधा द्या. लिंबू नको."

बाईंनी ग्लासाकडे बघितलं नाही. त्यांनी मानेकडे बघितलं. डोळ्याला भिंग लावून वर्षानुवर्षं खाली वाकलेली ती मान खांद्यात रुतून बसली होती. "सोडा नाहीये," बाई म्हणाल्या, "पण मान बघू या का?" अर्ध्या तासाने घड्याळवाले खाली उतरले, दुकानाच्या दारात थांबले, त्यांनी मान आधी उजवीकडे वळवली, मग डावीकडे वळवली आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, आपल्या डाव्या हाताला चपलांचं दुकान आहे!" जळजळ काही गेली नाही. ती मालिशने जाणारीही नव्हती, आणि बाईंनी तसं तोंडावर सांगितलं, वर सावकाश चावून जेवायची तंबी दिली. तो ग्लास मात्र वरच राहिला. मालिश झाल्यावर सगळ्यांना पाणी त्याच ग्लासातून मिळतं.

बाई अशाच रोखठोक. एका सुखवस्तू बाईंनी विचारलं होतं, "मालिशने वजन कमी होतं का हो?" सोडाबाई म्हणाल्या, "होतं ना. माझं." जे होतं ते होतं म्हणायचं आणि जे होत नाही ते नाही, हा त्यांचा खाक्या. आखडलेला खांदा मोकळा होतो, पाठीची ओढ कमी होते, डोक्यात गरगरणारे विचार थोडा वेळ गप्प बसतात आणि झोप अशी लागते, की सकाळी उशीवर लाळ सापडते. मधुमेह जात नाही. टकलावर केस येत नाहीत. नवऱ्याचा स्वभाव बदलत नाही, बायकोचाही नाही.

पहिल्यांदा येणारा माणूस बहुतेक घाबरलेला असतो. त्याला वाटतं, इथे आपल्याला धोपटणार. बाई त्याला आधी खुर्चीत बसवतात. कपडे किती काढायचे ते तुम्ही ठरवा म्हणतात, आणि स्वतः बाहेर जाऊन उभ्या राहतात. अंगावर चादर असते. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकी सगळा झाकलेला. "दुखलं तर सांगा. सहन करण्याचं बक्षीस इथे देत नाही," असं बजावतात. कुणी तासभर अखंड बोलतं, कुणी पाचव्या मिनिटाला घोरायला लागतं. पोटं गुरगुरतात. खांद्यावर हात पडताच एखाद्याचे डोळे उगाचच भरून येतात आणि तो माणूस गोंधळून माफी मागतो. त्यावर बाई म्हणतात, "त्यात काय, टेबल पुसता येतं." जाताना पाण्याचा ग्लास आणि ठरलेलं वाक्य: "उद्या अंग थोडं ठणकेल. परवा माझी आठवण येईल."

ते टेबलही बघण्यासारखं आहे. सुताराला बाईंनी सांगितलं होतं, की पालथं झोपल्यावर तोंड ठेवायला एक भोक ठेवा. सुताराने तीनदा विचारलं, "कुणाच्या तोंडासाठी?" सगळ्यांच्या, म्हटल्यावर तो गडबडला आणि शेवटी त्याने स्वतःच्या तोंडाचं माप घेतलं. सुतार हडकुळा. तेव्हापासून भरल्या गालाचं माणूस टेबलावरून उठलं, की चेहऱ्याभोवती गोल वळ घेऊन उठायचं आणि तसंच बाजारातून हिंडायचं. कुणाला मालिश झाली हे सांगावं लागायचं नाही.

तर अशी ही सोडाबाई. आणि गेल्या वर्षापासून तिचा उजवा अंगठा दगा द्यायला लागला होता.

सुरुवातीला सकाळी नुसती ठणक असायची. मग कुलपात किल्ली फिरेना. एकदा तेलाची बाटली हातातून निसटली आणि खोलीभर तिळाच्या तेलाचा वास चार दिवस राहिला. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, त्याला पूर्ण सुट्टी द्या, नाहीतर वर्षभरात पेनसुद्धा धरता येणार नाही. बाईंनी कागद पर्समध्ये घातला, पर्स कपाटात घातली आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली डाव्या हाताने फिरवली. घरात कुणाला कळू दिलं नाही. अलीकडे तेलाच्या बाटल्यांची झाकणं पुन्हा पटकन उघडायला लागली होती, त्यावरून अंगठा सुधारतोय असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवूनही टाकलं. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. अंगठा गेला तर सोडाबाई गेली, मग उरेल ती एक रिकामी बाई, आणि तिचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

घरात दुसरं माणूस होतं ते म्हणजे सून. मुलगा मालवाहू जहाजावर. वर्षातले आठ महिने पाण्यात. सुनेने लग्नाआधी मालिशचा दोन वर्षांचा रीतसर कोर्स केलेला, प्रमाणपत्र आहे, भिंतीवर स्नायूंचा तक्ता तिनेच लावलेला. बाईंना तो तक्ता डोळ्यासमोर नको असे. "कातडी सोलून ठेवलेला माणूस बघून कुणाचं अंग सैल पडणार आहे?" त्या म्हणायच्या. सून काही बोलायची नाही. ती उंच, सावकाश आणि कमी बोलणारी होती, आणि बाईंना तिच्या गप्प बसण्याचा जास्त राग येई.

दोन वर्षांत सुनेला परवानगी मिळाली होती ती फक्त गुडघ्यापर्यंत. तळपाय, घोटे, पोटऱ्या तिच्या. गुडघ्याच्या वर सासूबाईंची हद्द. उरलेल्या वेळात टॉवेल धुणं, चादरी बदलणं आणि नव्या माणसाकडून एक छापील कागद भरून घेणं. कागदावर बावीस प्रश्न. रक्तदाब आहे का, ताप आहे का, ऑपरेशन झालंय का, लांबचा प्रवास झालाय का. "एवढे प्रश्न पोलीस विचारत नाहीत," बाई म्हणायच्या. "मला विचारायची गरज पडत नाही. माझा हात विचारतो. हातगुण लागतो त्याला, तो काय कोर्समध्ये वाटतात?"

आणखी एक खोड सुनेला होती. टेबलाखाली, बरोबर त्या भोकाखाली, ती रोज एक पसरट वाडगं ठेवायची. त्यात पाणी आणि पाण्यावर दोन-चार हिरवी पानं. बाई रोज ते पायाने भिंतीकडे सरकवायच्या. "पायात येतं," म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी वाडगं पुन्हा जागेवर.

एका सोमवारी जेवताना सून म्हणाली, "आई, मोठ्या दवाखान्यात जागा निघालीय. मला बोलावलंय. शनिवारपर्यंत कळवायचंय. जाऊ का?"

बाई भात कालवत होत्या. त्यांना म्हणायचं होतं, की जाऊ नकोस. आपला अंगठा संपलाय आणि तू गेलीस तर हे सगळं बंद होईल, हेही म्हणायचं होतं. पण ज्या हातांना दोन वर्षं गुडघ्याच्या वर येऊ दिलं नाही, त्यांच्यापुढे आता कुठल्या तोंडाने पदर पसरायचा? आणि तिचे हात खरंच चांगले आहेत की नाहीत, हे तरी त्यांना कुठे माहीत होतं?

"तुझं तू बघ," त्या म्हणाल्या.

सुनेने मान हलवली आणि ताटं उचलली.

मंगळवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. अकरावी पायरी नीट ओलांडली म्हणजे ओळखीचंच माणूस. पण एक पाऊल जड पडत होतं. घड्याळवाले दारात आले ते डावा पाय ओढत. लेकीकडे जाऊन रात्री परतले होते, चौदा तास बसमध्ये बसून. "पोटरीत गोळा आलाय हो," ते म्हणाले. "जरा रगडून द्या, दुकान उघडायचंय."

"पोटरी ना? ती हिची हद्द," बाईंनी सुनेकडे बोट केलं. "घे गं, तेल लावून चांगली चोळून दे."

सून त्यांच्यासमोर खाली बसली. तिने पॅन्टचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर सारले. डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती. तिने हाताची उलटी बाजू नुसती टेकवली, दाबली नाही. कढत लागत होती.

"काका, मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचंय."

"अहो, गोळाच तर आहे!" घड्याळवाले म्हणाले.

"सरक, बाजूला हो," बाई उठल्या. "मी लावते हात. सव्वीस वर्षांत हजार पोटऱ्या सोडवल्यात मी." त्यांनी तेलाची बाटली उचलली, झाकण चटकन निघालं.

सून उभी राहिली. ती सासूबाईंच्या आणि त्या पायाच्या मधे उभी राहिली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "आई, नाही म्हणजे नाही!"

"कुणीतरी लावा हो," मधे सापडलेले घड्याळवाले केविलवाणे म्हणाले.

सुनेने ऐकलं नाही. पाय चोळू नका, दाबू नका, असं बजावत ती त्यांना एकेक पायरी जपत खाली घेऊन गेली, गाडी बोलावली आणि स्वतः बरोबर गेली. बाई धुमसत खिडकीत उभ्या राहिल्या. मनातल्या मनात त्यांनी सुनेला शनिवारपर्यंत न थांबवता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवून दिलं.

दुपारी सुनेचा फोन आला. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. वेळेवर आलात, आता औषधांनी विरघळेल, डॉक्टर म्हणाले होते. आणि विचारलं होतं, की कुणी चोळलं तर नाही ना? चोळलं असतं तर गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती.

सुटून. बाईंनी फोन ठेवला आणि त्या स्टुलावर बसल्या. ग्लास घेऊन साधा सोडा मागायला आलेला तो भला माणूस आज आपल्या हाताने गेला असता, तेही केवळ सुनेपुढे हार जायचं नाही म्हणून. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की संध्याकाळी सून आली तेव्हा त्यांना वर बघवेना. सून मात्र रोजच्यासारखी टॉवेल वाळत घालायला गेली.

शुक्रवारपर्यंत घरात दोघी फक्त मीठ आणि पाण्याबद्दल बोलल्या. घड्याळवाले दवाखान्यातून घरी आले, दुकानातून वर ओरडून सांगून गेले, की आता आपण बावीसच्या बावीस प्रश्न पाठ केलेत. शुक्रवारी दुपारी शेवटचं माणूस गेलं. सून चादर बदलत होती.

"राहू दे चादर," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, अंबाडा सोडला आणि त्या टेबलाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "तुझा तो कागद आण. भर माझी उत्तरं."

सून बघतच राहिली. सव्वीस वर्षांत त्या टेबलावर सोडाबाई कधी झोपल्या नव्हत्या. मग तिने कागद आणला, बावीस प्रश्न विचारले, आणि मग दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

बाईंनी भोकात तोंड ठेवलं. कडेला मऊ गादी लावलेली होती. ती कधी लावली, कुणी लावली, त्यांना पत्ताच नव्हता. आणि खाली बघतात तो पाण्याचं वाडगं. पाण्यावर पानं हळूहळू फिरत होती. इतकी वर्षं इथे झोपणाऱ्या माणसाला नुसती फरशी आणि आपले पाय दिसत असणार, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या पानांकडे बघत पडून राहिल्या.

सुनेचे हात पाठीवर आले. घाई नव्हती. आधी ते नुसते टेकून राहिले, मग मानेपासून कमरेपर्यंत एकदा सावकाश फिरून आले, आणि मग खांद्याच्या पाठीमागे जिथे अख्खं वर्ष सुरी खुपसल्यासारखं दुखत होतं, बरोबर तिथे येऊन थांबले. बाईंनी सांगितलं नव्हतं. वजन आलं, पण टोचलं नाही. बाईंना नवल वाटलं.

"कशाने दाबतेस गं?"

"कोपराने. कधी पंजाच्या टाचेने."

"अंगठा नाही वापरत?"

"जन्मभर पुरायला हवा ना, आई," सून म्हणाली.

थोड्या वेळाने तिने बाईंना उताणं केलं, उजवा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि म्हणाली, "सोडा."

"सोडलाय की," बाई म्हणाल्या.

काही घडलं नाही. मग सुनेच्या हसण्याचा आवाज आला. ही हसते कशी, हे बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी डोळे उघडले. सून दोन पावलं लांब उभी होती, हातांची घडी घालून. आणि सोडाबाईंचा हात हवेत! बसमधला दांडा धरल्यासारखा. बाईही हसायला लागल्या, टेबल हलेपर्यंत हसल्या, पण हात काही खाली येईना.

"नाही सुटत गं," त्या म्हणाल्या.

सून जवळ आली. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी, जिथे सूज होती, तिथे फुंकर घालावी इतक्या हलक्याने बोट ठेवलं. "खूप दुखतो ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तेलाची बाटली पडली तेव्हाच कळलं. रोज सकाळी तुम्ही उठायच्या आत झाकणं सैल करून ठेवते मी."

अंगठा सुधारतोय, अंगठा सुधारतोय म्हणून आपण मिरवत होतो, आणि ही पोर रोज पहाटे उठून एकेक झाकण सैल करत होती! कुठे बोलली नाही, की टोमणा मारला नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि कानांपर्यंत वाहिले. आणि तेव्हा तो हात, आपणहून, सुनेच्या हातात जड झाला.

"माफ कर," बाई म्हणाल्या.

"त्यात काय," सून म्हणाली, "टेबल पुसता येतं."

मग पाण्याचा ग्लास आला. बाईंनी उठून बसत तो डाव्या हाताने घेतला, एका दमात संपवला आणि म्हणाल्या, "दवाखान्याला कळव, जमणार नाही म्हणून. इथे जागा निघालीय. डोक्यापासून पायापर्यंत."

सून विचारात पडल्यासारखी उभी राहिली. "एका अटीवर," ती म्हणाली. "तुमच्या अंगठ्याला सुट्टी. हौस वाटलीच तर पायाचं काम करा, तेही तळहाताने. गुडघ्याच्या वर नाही."

"वा गं वा!" बाई म्हणाल्या. पण कबूल केलं.

शनिवारी सकाळी बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर बावीस प्रश्नांचा गठ्ठा. आतल्या खोलीत वाडगं भोकाखाली आपल्या जागी होतं. जिन्यावर पावलं वाजली आणि अकराव्या पायरीवर कुणीतरी जोरात ठेचकाळलं. खांदा धरून एक गृहस्थ वर आले.

"सोडाबाई आपणच का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्या आत आहेत. बसा, त्या बोलावतील तुम्हाला."

आत टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या सुनेचे हात थांबले. दोन वर्षं जिला 'अगं' आणि 'तू' याखेरीज काही ऐकायला मिळालं नव्हतं, तिने तो 'त्या' ऐकला होता.

गृहस्थ खुर्चीत टेकले. "आणि आपण?"

"मी होय?" बाईंनी कागद आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "मला फक्त गुडघ्यापर्यंत परवानगी आहे."